अकरावीच्या अर्जातला स्वधर्म

कला शाखेत अकरावीला येणाऱ्या मुलाला इंग्रजी घ्यावंच लागतं. सोबत मराठी किंवा हिंदीसारखी एखादी भाषा असते, पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण सगळ्यांनाच असतं. उरलेले चार विषय त्यानं निवडायचे. राज्य मंडळाची यादी चांगली लांबलचक आहे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र तर आहेतच. शिवाय तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, बालविकास, संगीत, पाली, अर्धमागधीही आहे. यातलं जेवढं त्या कॉलेजात शिकवलं जातं तेवढंच अर्जावर येतं. त्यातही वेळापत्रकाच्या सोयीसाठी गट पाडलेले असतात, म्हणजे मानसशास्त्र घेतलं तर भूगोल घेता येत नाही, असं काहीतरी. मी तर्कशास्त्र शिकवते. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे आणि दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मी अर्ज तपासायला टेबलावर बसते.

“मॅडम, काय घेऊ?” हा प्रश्न तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकू येतो. सोळा वर्षांच्या माणसानं विचारलेला हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. मी काय करावं, ते कुणी ठरवावं, आणि ठरवल्यावर जे होईल ते कुणाचं, हे तिन्ही प्रश्न त्या दोन शब्दांत आहेत. नीतिशास्त्राला याच्याहून फार वेगळं काही विचारायचं नसतं.

उत्तरं मात्र झटपट मिळतात. अमुक विषय ‘स्कोरिंग’ आहे. तमुक विषयाला प्रॅक्टिकल नाही. राज्यशास्त्र एमपीएससीला उपयोगी पडतं. या विषयाचा तास शेवटी असतो, मग दुपारची एस.टी. चुकते. यातलं एकही कारण मी क्षुल्लक मानत नाही. आडगावच्या मुलीची एस.टी. रोज चुकू लागली तर तिचं कॉलेजच सुटतं, आणि सुटलेलं कॉलेज पुन्हा धरलेल्या मुली मी फार थोड्या पाहिल्या आहेत. मुलींना बालविकास आणि मुलांना भूगोल ही वाटणी मात्र मला अजिबात मान्य नाही. मूल वाढवणं हे ज्यांना पुढे करायचं आहे त्यांच्यात निम्मे बाप असणार आहेत.

विषयाच्याही आधी शाखा ठरते, आणि ती टक्क्यांवरून ठरते. चांगले टक्के असले की सायन्स, बरे असले की कॉमर्स, उरलेले आमच्याकडे. यामागचा युक्तिवाद मी वर्गात उदाहरण म्हणून घेते, कारण तो मुलांना तोंडपाठ असतो. सायन्सवाल्याला बारावीनंतर बी.ए.ला जाता येतं, कलावाल्याला इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला जाता येत नाही. म्हणून सायन्स घ्यावं, सगळे मार्ग मोकळे राहतात. पहिली दोन आधारविधानं खरी आहेत. इंजिनिअरिंगला गणित-भौतिकशास्त्र लागतं, ‘नीट’ला जीवशास्त्र लागतं, आणि ते बारावीला घेतलेलं नसेल तर तो मार्ग बहुतेक तिथेच संपतो. काही मुलं तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतात, म्हणजे त्या दोहोंतलंही एक सोडावं लागू नये.

निष्कर्ष मात्र आपोआप निघत नाही. मधे एक विधान गृहीत धरलेलं आहे: जितके मार्ग मोकळे तितकं बरं. हे नेहमी खरं असतं का? चालायला लागल्यावर माणूस एका मार्गावर असतो आणि बाकीचे मागे पडतात. ती चालण्याची अटच आहे. सोळाव्या आणि सतराव्या वर्षी माणसाचं मन जसं पेटतं तसं पुढे फार वेळा पेटत नाही. ती दोन वर्षं ज्या विषयाची ओढ नाही त्यात, केवळ काही बंद होऊ नये म्हणून काढायची, याची किंमत कोणत्या गुणपत्रिकेवर दिसणार? तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या घरात दुसरी संधी द्यायला पैसा नाही, त्या घरानं मोकळ्या मार्गांचा हिशोब करणं हा शहाणपणाच आहे. ज्याच्या बापाची दोन दुकानं आहेत त्याला ‘मनाला येईल ते शिक’ म्हणणं सोपं असतं. कोरडवाहू कापसावर घर चालवणाऱ्या माणसाला तो उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही.

मग ‘पिंड’ येतो. “याचा पिंड सायन्सचा नाही,” असं आई-वडील सांगतात, शिक्षकही सांगतात. जरा शिकलेले घरचे असतील तर गीतेचा आधार घेतात: आपला धर्म उणा असला तरी तोच बरा. हा विचार गीतेत तिसऱ्या आणि अठराव्या, अशा दोन अध्यायांत आलेला आहे, तेव्हा तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. आमच्या भागाचं त्याच्याशी जवळचं नातं आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. त्यात विनोबा स्वधर्माबद्दल म्हणतात त्याचा आशय असा, की तो शोधायला कुठे जावं लागत नाही. आई जशी निवडावी लागत नाही, ती जन्माबरोबर लाभते, तसा तो लाभलेलाच असतो.

विनोबांविषयी मला अपार आदर आहे. पण टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलीला मी हे सांगू शकत नाही. तिच्या आजोबांच्या पिढीत स्वधर्म जन्माबरोबर लाभतो म्हणजे काय, तर कुणी चपला शिवायच्या आणि कुणी पोथी वाचायची हे ठरलेलं असायचं. विनोबांना तसं म्हणायचं नव्हतं, हे पुस्तक पुरतं वाचणाऱ्याला कळतं. वाक्य सुटं करून वापरणाऱ्याला कळत नाही. आणि खुद्द विनोबांचं आयुष्य काय सांगतं? बडोद्याला शाळेत असताना दुसरी भाषा म्हणून त्यांनी फ्रेंच घेतली, कारण वडिलांची तशी इच्छा होती. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांजवळ बसून त्यांनी संस्कृतात उपनिषदं आणि शांकरभाष्य अभ्यासलं. ज्या संस्कृतातून ‘गीताई’ मराठीत आली ते शाळेच्या विषयांतून आलेलं नव्हतं. लाभलेला स्वधर्म ओळखायलासुद्धा त्यांना एका स्टेशनावर उतरावं लागलं.

त्याच काळात, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या आणखी एका विद्यार्थ्याला दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवं होतं. त्याला ते मिळालं नाही. तो महार जातीचा होता आणि त्याला संस्कृत शिकवायला नकार मिळाला. भीमराव आंबेडकरांना फारसी घ्यावी लागली. ते 1907 साली मॅट्रिक झाले ते फारसी घेऊनच, आणि संस्कृत पुढे स्वतःच्या कष्टानं शिकले.

ही दोन नावं मी मुद्दाम शेजारी ठेवते आहे. गुणपत्रिकेवर दोघांचीही दुसरी भाषा संस्कृत नव्हती, एवढंच दिसलं असतं. एकाच्या बाबतीत बापानं मायेपोटी आपली निवड मुलाच्या हाती दिली. दुसऱ्याच्या बाबतीत निवडायला पुढे आलेल्या हातावर समाजानं फटका मारला. ही दोन कृत्यं नीतीच्या दृष्टीनं एका पातळीची नाहीत, कधीच नव्हती. दोघांनीही नंतर आपलं आपण मिळवलं म्हणून दुसऱ्या कृत्याचा दोष तसूभरही कमी होत नाही. आंबेडकरांसारखी जिद्द आणि बुद्धी असेल तरच नाकारलेला विषय परत मिळवता येत असेल, तर बाकीच्या मुलांनी काय करायचं?

आज तसा नकार कुणी तोंडावर देत नाही. आज विषय यादीतूनच जातो. शिक्षक निवृत्त होतात, जागा भरली जात नाही, विद्यार्थी कमी म्हणून वर्कलोड बसत नाही, आणि पुढच्या वर्षी अर्जावर ती ओळ नसते. मुलांना कळतही नाही की तिथे काही होतं. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. गिरणीच्या पैशातून, एका तालुक्याच्या गावात, तत्त्वज्ञानासाठी! साने गुरुजी आधी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले आणि मग गावातल्या शाळेत शिक्षक झाले. त्याच जिल्ह्यातल्या किती मुलांच्या अर्जावर आज ‘तत्त्वज्ञान’ ही ओळ दिसते? जे कधी दिसलंच नाही ते मी नाकारलं, असं त्या मुलांच्या नावावर कसं लिहायचं?

सार्त्रनं 1945 साली पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली आहे. ती घडली तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. मुलाचा भाऊ लढाईत मारला गेलेला, वडिलांचं आणि आईचं पटत नव्हतं, आई या एका मुलाच्या आधारानं जगत होती. त्यानं इंग्लंडला जाऊन मुक्त फ्रेंच सैन्यात भरती व्हावं, की आईजवळ राहावं? सार्त्रचं उत्तर इतकंच होतं, की तू स्वतंत्र आहेस, तेव्हा तूच निवड. सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवतानाच माणसानं काय करायचं ते अर्धं ठरवलेलं असतं, हेही त्यानं तिथे म्हटलं आहे, आणि ते मला रोज पटतं. मुलगी जेव्हा माझ्याकडे न येता पलीकडच्या टेबलावरच्या सरांकडे जाते तेव्हा तिला काय ऐकायचं आहे हे आम्हा दोघांनाही कळतं.

पण सार्त्रचं उत्तर मी जसंच्या तसं उचलू शकत नाही. त्या मुलापुढचे दोन पर्याय सार्त्रनं मांडलेले नव्हते, युद्धानं मांडलेले होते. आमच्या मुलांपुढची यादी आम्ही मांडली आहे: मंडळानं, शासनानं, संस्थेनं, प्राचार्यांनी, गट पाडणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांनी. ज्यानं यादी केली त्यानं ‘तू स्वतंत्र आहेस’ म्हणून हात झटकायचे, हे बरोबर नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथे येऊन थांबतं. जबाबदाऱ्या दोन आहेत. यादीची जबाबदारी मोठ्यांची आणि निवडीची जबाबदारी मुलाची. आपण घरोघरी आणि कॉलेजाकॉलेजांत यांची अदलाबदल केली आहे. निवड मोठे करतात, आणि यादीतल्या उणिवांचं फळ मुलाच्या पदरात टाकतात. बापानं सायन्सला घातलेला मुलगा बारावीला भौतिकशास्त्रात नापास होतो, आणि सगळ्या घराला एकच गोष्ट ऐकू येते: यानं अभ्यास केला नाही. असा एक मुलगा नंतर आमच्याकडे कला शाखेत आला. वर्गात सगळ्यांच्या मागे बसायचा. सत्यता कोष्टक मांडायला लागला की त्याचा हात थांबत नसे. चार चलांचं, सोळा ओळींचं कोष्टक तो गंमत म्हणून पुरं करायचा. त्याला स्वतःविषयी काही विचारलं की म्हणायचा, “मी सायन्समधून फेल आहे, मॅडम.” ती त्याची ओळख झाली होती, आणि मूळ निर्णय त्याचा नव्हता. कर्माच्या सिद्धान्ताला जे मानतात त्यांनी तरी हे सहन करू नये. कर्म एकाचं आणि फळ दुसऱ्याला, हे त्या सिद्धान्ताच्या गाभ्यालाच नाकारणं आहे.

कठोपनिषदातला नचिकेता मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. त्याचं वय कुठे लिहिलेलं नाही, पण तो कुमार आहे. बापानं रागाच्या भरात त्याला मृत्यूला देऊन टाकलं, आणि बापाचा शब्द खरा करायला तो यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिला. तीन वर मिळाल्यावर त्यानं पहिला काय मागितला? वडिलांचा राग शांत होवो. माझ्या टेबलासमोरच्या मुलांचा पहिला वर नेमका हाच असतो. घरी राग येऊ नये एवढंच त्यांना हवं असतं, आणि पुष्कळांचे तिन्ही वर त्यातच खर्च होतात. नचिकेत्यानं तिसरा स्वतःसाठी राखून ठेवला: माणूस मेल्यावर उरतो की उरत नाही, ते सांग. यम त्याला परावृत्त करू पाहतो. मुलं-नातवंडं माग, हत्ती-घोडे माग, सोनं माग, हवं तेवढं आयुष्य माग. ही यमाची परीक्षा आहे असं भाष्यकार सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. यमानं इतर सगळं आधी त्याच्यासमोर मांडलं, काहीही लपवलं नाही. मुलगा अडून राहिला तेव्हा त्याला ‘तुझा पिंड नाही’ असं म्हटलं नाही. समोर बसवून शिकवलं.

आणि गीतेतही अखेर काय होतं? अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो त्याचा अर्थ असा: यावर पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. त्यानंतर शरण येण्याची हाक आहे, हे मला माहीत आहे. पण दिलेली मोकळीक तिथे परत घेतलेली नाही, आणि ‘मी तसं करीन’ हे शब्द अर्जुनाला स्वतःच्या तोंडानं उच्चारावे लागतात. स्वधर्माचा हवाला देऊन मुलाच्या हातून लेखणी काढून घेणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही सहकारी म्हणतात, एवढं आहे तर तर्कशास्त्र सक्तीचं करा. फ्रान्समध्ये शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी व्यवसाय शाखा सोडली तर तत्त्वज्ञान सगळ्यांना असतं. अलीकडच्या बदलांनंतर तिथली मुलं आपले विशेष विषय निवडतात, पण तत्त्वज्ञान समाईक विषयांत राहिलं आहे, आणि चार तासांचा निबंधाचा पेपर सगळा देश चर्चेला घेतो. हे वाचून हेवा वाटतो. तरी सक्तीचं मत द्यायला माझं मन तयार होत नाही. सक्तीचा झालेला विषय आमच्याकडे किती लवकर गाइडात जाऊन बसतो हे मी पर्यावरणाच्या प्रोजेक्ट-वह्यांत बघते आहे. मला हवं आहे ते साधं आहे: ती ओळ अर्जावर असू द्या, सायन्सच्या मुलालाही ती दिसू द्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यामधल्या भिंती कडक नसाव्यात असं स्पष्ट म्हटलेलं आहे. ते वाक्य आमच्या वेळापत्रकापर्यंत पोचायला गट नव्यानं पाडावे लागतील, रिकाम्या जागा भराव्या लागतील. दहा मुलांसाठीसुद्धा तास लावावा लागेल.

तोवर मी माझ्या टेबलावर एक करते. अर्जावर पालकांची सही घेण्याआधी मुलासमोर त्यांना विचारते, “हा निर्णय कुणाचा?” बरेच जण “त्याचाच की” म्हणतात आणि मुलगा खाली बघतो. मग मी मुलाला दोन दिवसांनी एकट्याला यायला सांगते. गेल्या खेपेला मात्र एका शेतकरी बापानं वेगळं उत्तर दिलं. मुलाला इतिहास आणि तर्कशास्त्र घ्यायचं होतं, बापाला सायन्स हवं होतं. त्यानं मुलाकडे वळून सांगितलं, “हे मी ठरवलंय. मला वाटतं यात तुझं भलं आहे. नाही जमलं तर ते माझ्यावर, तुला कुणी बोलणार नाही. आणि बारावीनंतर तू म्हणशील ते.”

मुलानं थोडा वेळ घेतला. मग बापाला विचारलं, “इतिहासाची पुस्तकं घरी आणून देशील?” बाप हो म्हणाला. सायन्सचा अर्ज पलीकडच्या खोलीत मिळतो, तो मीच त्यांना आणून दिला. भरताना मुलानं विषयांचे रकाने स्वतः लिहिले, आणि ‘पालकाचे नाव’ या ओळीवर बापानं आपल्या हातानं, जोर देऊन, पूर्ण नाव लिहिलं.